पोटातला जेलीचा कॅन्सर: रिपोर्टवरचं नाव, मोठं ऑपरेशन आणि पुढची वर्षं

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत कोणाचाही बायोप्सीचा रिपोर्ट आला की तो आधी गूगलवर जातो आणि मग माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. मी डॉक्टर नाहीये, हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, टिश्यू कापणं, मेणात बसवणं, स्लाईड रंगवणं हे माझं काम, पण रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतच्या काकू-मावशांच्या हिशोबाने लॅबमध्ये बसते म्हणजे हिला सगळं समजतं. मधे एका वहिनींनी सासऱ्यांचा रिपोर्ट पाठवला. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं, आणि हर्नियाच्या पिशवीत चिकट जेली निघाली, तपासायला पाठवली तर उत्तर आलं 'स्युडोमिक्सोमा पेरिटोनी'. घरातल्या एकाने वाचलं की हा चौथ्या स्टेजचा कॅन्सर, दुसऱ्याने वाचलं की हा कॅन्सरच नाही, आणि तिसऱ्याला कोणीतरी सांगून टाकलं की जेली काढली की काम झालं. तिन्ही गोष्टींत थोडंथोडं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त गोंधळ होतो. फोनवर एकेकाला सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी पोटात असतं काय ते. पोटाच्या भिंतीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक पातळ चकचकीत अस्तर असतं, ते पेरिटोनियम. ह्या अस्तराच्या आतल्या पोकळीत एरवी अगदी थोडं पाणी असतं, ते सारखं फिरतं आणि शोषलं जातं. उजव्या बाजूला खाली, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे अपेंडिक्स लटकलेलं. त्याच्या आतल्या थरात म्यूकस म्हणजे चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी असतात. कधीतरी ह्याच पेशींची गाठ बनते, मोठी दिसणारी गाठ असतेच असं नाही, पण पेशी स्राव बनवत राहतात आणि तोंड बंद झालं की अपेंडिक्स फुगत जातं आणि एक दिवस कुठेतरी फुटतं किंवा भोक पडतं, बऱ्याचदा पेशंटला पत्ताही लागत नाही. त्या भोकातून जेली आणि तिच्यासोबत थोड्या पेशी पोकळीत उतरतात, आणि तिथे गेल्यावरही त्यांचं काम तेच, जेली बनवत राहायची. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. पोट उघडलं की आत भिजवलेल्या सब्जासारखं पिवळट लिबलिबीत असं लिटरच्या मापाने भरलेलं असतं.

आता ह्या आजाराची चाल नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं ऑपरेशन ह्या चालीवर उभं आहे. बाकीचे बरेच कॅन्सर रक्तातून लिव्हरला, फुप्फुसाला जातात. ह्यातला हळू वाढणारा प्रकार सहसा तसा जात नाही, तो पोटातच राहतो. त्याच्या पेशी कुठे घट्ट चिकटून न बसता पोटातल्या पाण्याबरोबर वाहतात, आणि पाणी जिथे शोषलं जातं किंवा वजनाने जिथे खाली साचतं तिथे जमतात. म्हणजे उजव्या बाजूला डायफ्राम म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, लिव्हरच्या वर, ओमेंटम म्हणजे आतड्यांच्या पुढे असलेल्या चरबीच्या पडद्यात, आणि खाली ओटीपोटात. छोटं आतडं मात्र सारखं हलत असतं, म्हणून त्याच्यावर सुरुवातीला फारसं काही बसत नाही. हे आपलं नशीब समजा. ओमेंटम काढता येतं, स्प्लीन म्हणजे प्लीहा काढता येते, अस्तर सोलता येतं, पण छोटं आतडं सगळं काढलं तर माणूस अन्न पचवणार कशाने?

किती दुर्मिळ? युरोपातल्या नोंदींप्रमाणे दहा लाख लोकांत वर्षाला साधारण १ ते ३. हाच हिशोब इंदूरला लावला तर वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके पेशंट, आणि त्यातलेही सगळे ओळखले जात नाहीत. म्हणजे गावातला चांगला, अनुभवी, हजारो ऑपरेशन केलेला जनरल सर्जनसुद्धा अख्ख्या करिअरमध्ये एखाददोनच केस बघतो. ह्यात त्याचा काही दोष नाही, पण पेशंटने हे ध्यानात ठेवलं पाहिजे. बाकी आजार काही नवा नाही, १८४२ मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने जेलीने फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन केलं होतं, आणि आजचं लांबलचक नाव जर्मनीच्या वेर्थने १८८४ मध्ये दिलं. हॉलिवूडची ऑड्री हेपबर्न ह्याच आजाराने गेली. सप्टेंबर १९९२ मध्ये युनिसेफच्या कामाने सोमालियाला जाऊन आली, पोट दुखायला लागलं, नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला ऑपरेशन झालं तर अपेंडिक्समधून पसरलेलं निघालं, आणि जानेवारी १९९३ मध्ये ती गेली. पण तिचं उदाहरण बघून घाबरू नका, आज जे ऑपरेशन करतात ते तेव्हा जगात अगदी मोजक्या ठिकाणी होत होतं.

सापडतो कसा हे मात्र विचित्र आहे, कारण बहुतेक वेळा शोधत असतात दुसरंच काहीतरी. पुरुषांत हर्निया. पोटात दाब वाढल्यावर बेंबीपाशी किंवा जांघेत नवीन हर्निया येतो आणि ऑपरेशनला जेली दिसते. कधी अपेंडिक्स दुखलं म्हणून काढायला जातात आणि आत हे. बायकांत तर गोष्ट जास्त फिरते, पोट वाढलं, सोनोग्राफीत ओव्हरीत गाठ, रक्तात सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढणारा मार्कर) वाढलेलं, मग सगळ्यांनाच ओव्हरीचा कॅन्सर वाटतो आणि गर्भाशय-ओव्हरी काढून होतं आणि ज्या अपेंडिक्समधून सगळं सुरू झालं ते तसंच आत राहतं. पूर्वी डॉक्टरसुद्धा हा आजार ओव्हरीतून येतो असंच समजायचे. नंतर पेशींना विशिष्ट रंग देऊन तपासायची सोय झाली, सीके २० आणि सीडीएक्स २ असे मार्कर लावले तर पेशी आतड्याच्या घराण्याच्या निघतात, ओव्हरीच्या नाही. आता मानतात की जवळजवळ सगळे अपेंडिक्समधूनच येतात, ओव्हरीतून खरोखर सुरू झालेला क्वचित.

आपल्याकडे आणखी एक फाटा फुटतो. पोटात पाणी दिसलं की टीबीची शंका आधी येते, आणि ती येणं चुकीचं पण नाही कारण पोटाचा टीबी आपल्याकडे आहेच. मग पाणी काढायला सुई टाकतात आणि सुईतून काही येतच नाही, कारण ते पाणी नाहीये, इतकं घट्ट आहे की सुईतून चढत नाही. सोनोग्राफीत 'पाणी' भरपूर आणि सुई कोरडी, असं झालं की डोक्यात घंटी वाजायला पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या कडेला बाहेरून दाबल्यामुळे खाचा पडलेल्या दिसतात, रिपोर्टात स्कॅलपिंग असं लिहितात, आणि ओमेंटम जाड होऊन थर बनला असेल तर ओमेंटल केक. हे दोन शब्द एकत्र दिसले तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारा की अपेंडिक्स कसं दिसतंय. रक्ताच्या तपासण्यांत सीईए, सीए १२५ आणि सीए १९-९ करतात, निदानापेक्षा पुढे लक्ष ठेवायला त्या जास्त कामाच्या. कोलोनोस्कोपी पण करून घेतात, मोठ्या आतड्यात आणखी काही नाही ना ते बघायला.

आता येते माझ्या आवडीची जागा, म्हणजे रिपोर्ट. बहुतेक घरांत रिपोर्टची फक्त शेवटची ठळक ओळ वाचतात. पण 'स्युडोमिक्सोमा' हे नाव फक्त पोटाची अवस्था सांगतं, जेली पसरली आहे एवढंच. पेशी कशा आहेत ते ह्या नावातून कळत नाही, आणि पेशंट किती वर्षं जगेल हे मुख्यतः पेशींवर अवलंबून. म्हणून ठळक ओळ सोडा आणि त्याच्या वरचा, बारीक अक्षरातला मायक्रोस्कोपीचा भाग वाचा.

त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या पाहिजेत, एक अपेंडिक्समध्ये काय आहे आणि दुसरी पोटातल्या जेलीत काय आहे. अपेंडिक्समध्ये सगळ्यात जास्त वेळा असतं ते लॅमन, पूर्ण नाव लो ग्रेड ॲपेंडिसियल म्युसिनस निओप्लाझम. हे लॅमन फक्त अपेंडिक्सच्या आत असेल, भिंत फुटलेली नसेल आणि कापलेली कड स्वच्छ असेल तर सहसा अपेंडिक्स काढलं तेवढ्यात काम होतं, मोठ्या आतड्याचा तुकडा काढायची गरज पडत नाही. ह्याच्यापेक्षा वाईट दिसणाऱ्या पेशी असतील तर हाय ग्रेड, आणि पेशी भिंतीत मुळं घालून घुसत असतील तर सरळ म्युसिनस ॲडिनोकार्सिनोमा. कार्सिनॉइड किंवा गॉब्लेट सेल हे अपेंडिक्सचे दुसरे आजार आहेत, त्यांचं गणित वेगळं, ते ह्याच्यात मिसळू नका.

पोटातल्या जेलीच्या वर्गवारीत बरीच वर्षं गडबड होती, एकाच स्लाईडला दोन लॅब दोन नावं देत. १९९५ मध्ये ब्रिजिट रॉनेट आणि सहकाऱ्यांनी १०९ पेशंटचे नमुने बघून तीन गट पाडले, एक सौम्य, एक उघड कॅन्सरवाला आणि एक मधला. जुन्या रिपोर्टांत डीपॅम (सौम्य गट) आणि पीएमसीए (कॅन्सरवाला गट) असे शब्द दिसतात ते तिथलेच. मग २०१६ मध्ये पेरिटोनियमच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन चार पायऱ्या ठरवल्या आणि आता बहुतेक चांगले रिपोर्ट त्याच भाषेत येतात. पहिली पायरी, जेली आहे पण तिच्यात पेशीच नाहीत, त्याला एसेल्युलर म्यूसिन म्हणतात. दुसरी लो ग्रेड, म्हणजे जेलीच्या तळ्यात पेशींच्या विरळ पट्ट्या, दिसायला बऱ्यापैकी शहाण्या. तिसरी हाय ग्रेड, पेशी जास्त, त्यांची केंद्रं मोठी आणि वेडीवाकडी, विभाजन चाललेलं. आणि चौथी हाय ग्रेड विथ सिग्नेट रिंग सेल्स, ह्या पेशींच्या पोटात म्यूकस इतकं भरतं की केंद्र एका कडेला ढकललं जातं, आणि ह्या फार वेगाने वागतात. २०१९ च्या डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत ग्रेड १, २, ३ असे आकडे आहेत, अर्थ साधारण तोच.

ही पहिली पायरी ऐकायला सोपी, पण आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावरच होते. जेलीचा डबा येतो, पावकिलो, अर्धा किलो, कधी जास्त, आणि त्यात पेशी असतीलच तर कुठल्यातरी एखाद्या कोपऱ्यात. एकच तुकडा घेऊन मेणात बसवला आणि पेशी दिसल्या नाहीत म्हणून 'पेशी नाहीत' लिहिणं म्हणजे धोका. म्हणून थोडी घट्ट, पांढरट, धाग्याधाग्याची जागा शोधून बरेच तुकडे घ्यावे लागतात, आणि जेली ब्लेडला चिकटते, सरकते, पाण्यावर तरंगवली की पसरते, कंटाळा येतो खरंच. रिपोर्टमध्ये किती तुकडे तपासले ते लिहिलेलं आहे का बघा. आणि अजून एक, अपेंडिक्समध्ये लो ग्रेड आणि पोटात हाय ग्रेड असं वेगवेगळं निघू शकतं, त्याला लॅबची चूक समजू नका, दोन्ही लिहिलेलं असणं हेच बरोबर.

आता तो चौथ्या स्टेजचा घोळ. कॅन्सरच्या स्टेजचा नियम असा की गाठ मूळ जागेपासून लांब पसरली की एम१, आणि एम१ म्हणजे स्टेज चार. ह्या नियमाप्रमाणे अपेंडिक्सच्या बाहेर पोटात नुसती पेशी नसलेली जेली पसरलेली असली तरी एम१ए, म्हणजे कागदावर स्टेज चार. लिव्हरभर पसरलेला आतड्याचा कॅन्सरही स्टेज चार आणि हाही स्टेज चार, आणि घरचे दोघांना एकच समजून रडायला बसतात. अरे पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! माझ्या मते ह्या आजारात स्टेजचा आकडा घरच्यांना सांगणं म्हणजे उगाच घाबरवणं, त्यापेक्षा ग्रेड सांगा आणि ऑपरेशनने सगळं निघेल का ते सांगा, ह्या दोनच गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं.

हा कॅन्सरच नाही म्हणणाऱ्यांचंही तसंच. लो ग्रेडच्या पेशी सभ्य दिसतात हे खरं, पण जेली थांबत नाही, आतडी एकमेकांना चिकटतात, अन्न पुढे सरकत नाही, माणूस खंगत जातो. सभ्य दिसणारा आजार जीव घेऊ शकतो.

उपचाराकडे येऊ. पूर्वी करायचे काय, तर पोट उघडून जेली उपसायची, जमेल तेवढं काढायचं आणि पोट बंद. दोन-तीन वर्षांनी परत भरलं की परत उघडायचं. प्रत्येक वेळी आत चिकटे म्हणजे आतडी एकमेकांना चिकटलेल्या जागा जास्त, प्रत्येक वेळी आतड्याला इजा व्हायची भीती जास्त, आणि शेवटी सर्जन म्हणायचा आता नाही होत. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने १९९४ मध्ये त्यांचे असे पेशंट मोजले तर दहा वर्षांनी साधारण ३२ टक्के हयात होते. मग वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर नावाच्या सर्जनने वेगळी लाईन धरली, नुसती जेली नाही काढायची, ती जिथे बसली आहे ते अस्तरच सोलून काढायचं आणि मग पोटात गरम किमो फिरवायची. १९९५ मध्ये त्याने अस्तर सोलण्याची पद्धत पायरीपायरीने छापली आणि आज जगभर हेच करतात. ऑपरेशनला सायटोरिडक्टिव्ह सर्जरी म्हणतात आणि गरम किमोला हायपेक.

ऑपरेशन कसं चालतं ते थोडं जवळून सांगते, कारण 'दहा तासांचं ऑपरेशन' एवढंच ऐकलं की घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं म्हणून वेळ लागतोय. छातीच्या हाडाखालपासून ओटीपोटापर्यंत उभा चीरा. पोट उघडल्यावर सर्जन लगेच कापत नाही, आधी हिशोब करतो. पोटाचे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांनी नऊ भाग, छोट्या आतड्याचे चार, असे तेरा. प्रत्येक भागात काहीच नसेल तर ०, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचं १, पाच सेंटिमीटरपर्यंतचं २, त्याहून मोठं किंवा सगळं एकत्र चिकटलेलं असेल तर ३. बेरीज जास्तीत जास्त ३९, हाच तो पीसीआय जो डिस्चार्ज कार्डावर दिसतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा आकडा मोठा आला की सर्जन माघार घेतात, पण लो ग्रेड जेलीत तिशीतला आकडा असूनही सगळं काढता येतं, फक्त छोट्या आतड्याचे ते चार भाग कसे आहेत ह्यावर गाडी अडते.

मग काढायला सुरुवात. ओमेंटम जातंच. उजव्या डायफ्रामखालचं अस्तर, डाव्या बाजूचं, ओटीपोटातलं, हे विजेच्या उपकरणाने हळूहळू सोललं जातं. गरजेप्रमाणे स्प्लीन, पित्ताशय, मोठ्या आतड्याचा उजवा भाग, बायकांत गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरी, कधी रेक्टमचा तुकडा, कधी पोटाचा म्हणजे जठराचा भाग. वाचायला भयानक आहे, मला माहितीये, पण प्रत्येकाचं सगळं जात नाही, जिथे बसलंय तेवढंच. तरुण मुलगी असेल तर ओव्हरीबद्दल आधी मोकळेपणाने बोलून घ्या, लाजून राहू नका. स्प्लीन जाणार असेल असा अंदाज असला तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब अशा लसी शक्यतो ऑपरेशनच्या दोनेक आठवडे आधी देतात, हे विचारायचं राहून जातं, विचारा.

शेवटी सर्जन एक दुसरा आकडा देतो, सीसी स्कोर. सीसी ० म्हणजे डोळ्याला काही उरलेलं दिसत नाही. सीसी १ म्हणजे उरलेले कण अडीच मिलिमीटरपेक्षा लहान. सीसी २ अडीच मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर, आणि सीसी ३ त्याहून मोठं. ह्या आजारात ० आणि १ दोन्ही 'पूर्ण निघालं' असं धरतात. अडीच मिलिमीटरच का, तर पोटात टाकलेलं औषध पृष्ठभागातून जेमतेम काही मिलिमीटर आत जातं. कण त्याच्यापेक्षा मोठा असेल तर औषध बाहेरच्या बाहेर लागणार आणि आतल्या पेशी मजेत.

हायपेक ह्याच उरलेल्या कणांसाठी. पोटात नळ्या घालतात, काहीतून द्रव आत, काहीतून बाहेर, मधे पंप आणि गरम करायचं यंत्र, तापमान मोजायच्या तारा वेगळ्या. ४१ ते ४३ डिग्रीचा द्रव, त्यात बहुतेक वेळा मायटोमायसिन सी नावाचं जांभळट औषध, आणि हे ६० ते ९० मिनिटं पोटात फिरत राहतं. उष्णतेने पेशी आधीच कमजोर होतात आणि औषधाचा असर वाढतो. भूल देणाऱ्या डॉक्टरची ह्या वेळी खरी परीक्षा, कारण पेशंटचं अंग आतून तापतं, नाडी पळते, लघवी किती येतेय ते सारखं बघावं लागतं. शिरेतून देतात त्या किमोइतकं औषध रक्तात जात नाही, पण थोडं जातंच, म्हणून नंतर काही दिवस पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

इथे एक गैरसमज चालू आहे. फ्रान्सच्या प्रॉडीज ७ ह्या मोठ्या ट्रायलमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर ऑक्सॅलिप्लाटिनची गरम किमो देऊन आयुष्य वाढलं नाही, आणि ती बातमी वाचून लोक म्हणतात हायपेक बेकार आहे. ती ट्रायल ह्या आजारावर नव्हती आणि औषधही वेगळं होतं. अपेंडिक्सच्या जेलीत इतके कमी पेशंट असतात की तशी मोठी ट्रायल करणंच अवघड. पण माझ्यामते खरं वजन ऑपरेशनला आहे, हायपेक त्याच्या पाठीमागे. सगळं निघालं नसेल तर नुसतं गरम पाणी फिरवून काही होत नाही, हे कोणी 'आमच्याकडे पण हायपेकचं मशीन आलंय' असं सांगितलं तर आठवा.

आता ज्यासाठी सगळे फोन करतात ते, किती जगतात. २०१२ मध्ये सोळा सेंटरांनी मिळून २२९८ पेशंटचा हिशोब छापला, सगळ्यांचं हेच ऑपरेशन झालेलं. त्यात मध्य आयुर्मान १६.३ वर्षं, म्हणजे निम्मे पेशंट सोळा वर्षांनंतरही होते. दहा वर्षांनी ६३ टक्के, पंधरा वर्षांनी ५९ टक्के. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोक नावाच्या गावात ह्या आजाराचं राष्ट्रीय सेंटर आहे, तिथल्या हजार पेशंटमध्ये साधारण तीन-चतुर्थांशांचं सगळं काढता आलं आणि त्यांच्यात पाच वर्षांनी ८७ टक्के, दहा वर्षांनी ७० टक्के हयात. ज्यांचं पूर्ण निघालं नाही त्यांच्यात दहा वर्षांनी ८ टक्क्यांच्या आसपास. ७० आणि ८. ह्या दोन आकड्यांमध्ये ग्रेडचा पण हात आहेच, कारण ज्यांचं निघत नाही त्यांचा आजार मुळातच जास्त असतो.

आणि ग्रेडचा हिशोब बघायचा तर रॉनेटच्या त्याच १०९ पेशंटचं पुढे काय झालं ते २००१ मध्ये छापलं. सौम्य गटात दहा वर्षांनी ६८ टक्के, मधल्या गटात २१, आणि उघड कॅन्सरच्या गटात ३. एकाच ठळक नावाखाली ६८ आणि ३ दोन्ही बसलेत, म्हणून मी मघापासून बारीक अक्षरं वाचा म्हणतेय. हे आकडे जुने आहेत आणि हाय ग्रेडमध्ये आता शिरेतली किमो वगैरे जोडून थोडं बरं होतं, पण क्रम तोच. मोठ्या सेंटरांचे आकडे वाचताना हेही धरा की तिथपर्यंत पोचलेले आणि ऑपरेशन झेपेल असे पेशंटच त्यात मोजलेत, घरीच राहिलेले नाहीत.

ऑपरेशन स्वस्तात सुटत नाही, पैशाने तर नाहीच, पण शरीरालाही. २०१२ च्या त्या हिशोबात मोठ्या कॉम्प्लिकेशन २४ टक्क्यांना आणि उपचारांमुळे मृत्यू २ टक्के. जिथे आतडं जोडलं तिथे गळती, रक्तस्राव, इन्फेक्शन, पायात रक्ताची गुठळी. काहींना काही महिने पोटावर स्टोमाची म्हणजे शौच जमा करायची पिशवी. आतडी बरेच दिवस सुस्त राहतात, पेशंटला भूक नाही आणि घरचे डबा घेऊन उभे, दोन घास तरी खा म्हणून. जबरदस्ती नको, सुरुवातीला नळीतून किंवा शिरेतून पोषण देतात. दोन-तीन आठवडे हॉस्पिटल, आणि घरी आल्यावर पहिल्यासारखं वाटायला काही महिने लागतात.

परत येतो का? येतो, पूर्ण निघालेल्यांतही साधारण चौघांतल्या एकाला पुढे कधीतरी. म्हणून वर्षाला सीटी आणि रक्ताचे मार्कर, आणि हे पाच वर्षांवर थांबत नाही कारण हळू आजार उशिराच डोकं वर काढतो. परत आलेला लवकर पकडला तर दुसरं ऑपरेशन करता येतं आणि बऱ्याच लोकांना फायदा होतो. लो ग्रेडमध्ये शिरेतल्या किमोचा फारसा असर नाही, पेशी हळू वाढतात म्हणून औषध त्यांना पकडत नाही, त्यामुळे ऑपरेशन टाळून 'आधी सहा किमो घेऊन बघू' असं कोणी म्हटलं तर कशासाठी हे शांतपणे विचारा. हाय ग्रेडमध्ये किमोला जागा आहे.

मग करायचं काय. निदान झालं आणि पेशंट स्थिर आहे, अडथळा नाही, उलट्या नाहीत, तर घाईने गावातच पोट उघडून अर्धवट काढू नका. पहिलं ऑपरेशन स्वच्छ पोटात होतं, दुसऱ्याला चिकटे लागतात, आणि ज्या अस्तराने पेशी आत घुसण्यापासून अडवल्या होत्या तेच फाटलेलं असतं. हर्नियात किंवा अपेंडिक्समध्ये अचानक जेली दिसली तर समजदार सर्जन नमुना घेतो, जमलं तर अपेंडिक्स काढतो, फोटो काढून ठेवतो आणि पोट बंद करतो. हे बघून 'डॉक्टरने अर्धंच केलं' म्हणून भांडू नका, त्याने बरोबर केलं.

मग ज्या सेंटरमध्ये हे ऑपरेशन नेहमी होतं तिथे कागद पाठवा. इंदूरहून बहुतेक लोक परळच्या टाटाला जातात, अवंतिका एक्सप्रेसमध्ये संध्याकाळी बसायचं की सकाळी मुंबई. डॉक्टरला विचारायचे प्रश्न साधे आहेत, तुमच्याकडे हे ऑपरेशन वर्षाला किती होतात, त्यात सीसी ० किंवा १ किती जणांना मिळतं, आमच्या सीटीत छोटं आतडं कसं दिसतंय. चिडणारा डॉक्टर असला तर असू द्या. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमध्ये अर्ज देऊन स्लाईड आणि ब्लॉक मागा. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत मेणात बसवलेला तुमचा टिश्यू, वर नंबर लिहिलेला, तिथली लॅब त्यातून नवीन स्लाईड कापून स्वतः ग्रेड ठरवते आणि कधीकधी ग्रेड बदलते पण. ब्लॉक मे महिन्यात कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. सामानात ब्लॉकचा डबा वेगळा, स्लाईडचा वेगळा, आणि सीटीची सीडी, नुसते प्रिंट नाही.

नेहमीचे दोन प्रश्न राहिले. मुलांना होईल का, तर हा आजार सहसा घराण्यात चालत नाही, गाठीच्या पेशींत केरास आणि जीएनएएस अशा जीन्समध्ये बदल सापडतात पण ते त्या गाठीपुरते, आईवडिलांकडून आलेले नाहीत. आणि खाण्यात काय चुकलं, तर काही नाही, सराफा बाजारातलं खाणं आणि सकाळचे पोहे-जिलबी ह्यांचा ह्याच्याशी संबंध दाखवणारं काही नाही, सासूबाईंनी सुनेच्या स्वयंपाकावर हे ढकलू नये.

आणि घरात कोणाचं अपेंडिक्स कधी काढलेलं असेल तर त्याचा बायोप्सीचा कागद शोधून ठेवा. बरेच ठिकाणी काढलेलं अपेंडिक्स नातेवाईकांना बरणीत दाखवतात आणि तपासायला पाठवतच नाहीत, चार पैसे वाचतात म्हणून घरचेही आग्रह करत नाहीत. लॅमन असंच बरणीत निघून जातं. पुढच्या वेळी कोणाचं ऑपरेशन असेल तर बाहेर बसल्या बसल्या सिस्टरला एवढंच म्हणा, फॉर्मलिनमध्ये टाका आणि लॅबला पाठवा, पैसे आम्ही भरतो.